गडग्याच्या खिंडीत क्लच वायरचा फास सापडला, काय करू?

काजूवाला:
मंडळी, चिपळूणजवळ आमची काजूची बाग आहे, मी मुंबईला असतो, महिन्यातून एखादी चक्कर होते. परवा गेलो तर गडग्याचे (बागेभोवतीच्या दगडी कुंपणाचे) दगड ढासळून जिथे खिंड पडलीय तिथे बाईकच्या क्लच वायरचा फास, खुंटीला पक्का आवळलेला, आणि त्यात कांडेचोर (उदमांजर) मेलेलं. वायर कमरेत रुतलेली आणि भोवतीची माती नखांनी हातभर उकरलेली. राखणदार म्हणतो डुकरासाठी लावलाय, सगळेच लावतात. काढून फेकला तर चालेल ना, की उलट मीच अडकेन?

जंगलवाट:
फेकू नका दादा, मेलेलं जनावर पण पुरू नका. फोटो काढा आणि वनखात्याच्या 1926 ला फोन करा. 1972 च्या वन्यजीव कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच फास लावणं येतं, नुसता प्रयत्न केला तरी. जमीन तुमच्या नावावर, म्हणजे पहिली विचारणा तुम्हालाच होणार, त्यापेक्षा आधीच कळवलेलं बरं. आणि फासाला काय कळतंय डुक्कर कोण? कोकणात याच वायरींत बिबटे अडकतात, तो कायद्याच्या शेड्यूल 1 मधला, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीतला, त्याच्या शिकारीला 3 ते 7 वर्षं कैद आहे.

भातशेती:
मुंबईत बसून बोलायला काय जातंय, डुकरं एका रात्रीत अख्खा कोपरा लोळवून जातात, मग वर्षभर खायचं काय? भरपाई मिळते पण 3 दिवसांच्या आत कळवायचं, मग पंचनामा, मग वाट बघा. तरी फास मी पण लावत नाही हो, एकदा शेजाऱ्याने लावलेल्यात आमच्याच कुत्र्याचा पाय गेला. डबे वाजवत जागतो झालं.

जंगलवाट:
भातवाले भाऊ, पटतंय तुमचं. एक सांगायचं राहिलं, जनावर जिवंत अडकलेलं दिसलं तर वायर कापून सोडायला जाऊ नका. ओढून ओढून आतलं मांस चेंगरलेलं असतं, वरून जखम दिसत पण नाही, सुटून पळालं तरी नंतर कुठेतरी जाळीत मरतं. डॉक्टर येईपर्यंत गर्दी लांब ठेवा, तेवढं बास.

काजूवाला:
अपडेट देतो. गार्ड येऊन गेले, पंचनामा झाला. बाग फिरलो तर अजून 4 फास निघाले, एक तर थेट पऱ्याच्या (ओढ्याच्या) पाणवठ्यावर, वीतभर उंचीवर. तिथे डुक्कर कसलं अडकतंय, ते सशासाठीच होतं. राखणदार कालपासून फोन उचलत नाहीये.