सोलापूर: गच्चीचा कोबा उखडून गुत्तेदार येईनासा झाला. उरलेलं काम आता कुणाकडून करून घेऊ?

शिलाईवाली_नीलमनगर

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोडच्या बाजूला आमचं घर आहे. खाली तीन खोल्या, वर मोकळी गच्ची, नऊ ब्रासाची, म्हणजे ९०० चौरस फुटांची. स्लॅब १९८८ सालचा. पुढच्या मोठ्या खोलीत माझी शिलाईची मशिनं आहेत, शाळेच्या गणवेशाचं जॉबवर्क करते. मागच्या सप्टेंबरात त्या खोलीच्या कोपऱ्यातून पाणी उतरलं आणि पांढऱ्या शर्टिंगच्या ताग्यांवर पिवळे डाग पडले. कापड पार्टीचं होतं, भरून द्यावं लागलं. म्हणून यंदा उन्हाळ्यातच गच्ची करून घ्यायची असं पक्कं केलं.

मार्चमध्ये ओळखीतून एक गुत्तेदार मिळाला. जुना कोबा (स्लॅबवरचा विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर) काढणं, राडारोडा उचलून नेणं, नवीन वीटकोबा, कठड्याला वाटा (कठडा आणि गच्ची मिळतात त्या कोपऱ्यातली सिमेंटची गोलाई), सगळं मालासकट चौरस फुटाला ९५ रुपये. एकूण ८५,५००. काम सुरू करताना ३० हजार दिले, कोबा उखडल्यावर ३० हजार दिले, दोन्ही मोबाइलवरून. कोबा उखडला. निम्मा राडारोडा नेला, निम्मा गच्चीवर तसाच ढीग आहे. जिन्याखाली दहा पोती सिमेंट, दारात थोडी क्रश सँड आणि विटांचे तुकडे. त्यानंतर गच्चीवर माणूस चढलेला नाही, आणि आता मे अर्धा संपला.

मला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला ते सांगते. फोन उचलतो, गोड बोलतो, "उद्या सकाळी आठला माणसं पाठवतो" म्हणतो. माणसं येणार म्हणून मी मशिनं भिंतीकडून सरकवते, तागे ताडपत्रीखाली घालते, माझ्याकडे काम करणाऱ्या दोघींना "उद्या येऊ नका, वर ठोकाठोकी आहे" असं सांगते. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तरी कामाला लागेल म्हणून टाकी राखून ठेवते. आणि कुणी येत नाही. दोघींची मजुरी बुडते, माझा माल मागे पडतो. जूनमध्ये शाळा उघडतात, हा आमचा वर्षाचा हंगाम आहे. "या आठवड्यात जमणार नाही" एवढं जरी तो म्हणाला असता तरी मी मशिनं चालू ठेवली असती. उशीर मी सोसला असता. खोट्या तारखेनं माझी रोजची कमाई गेली.

दुसरं म्हणजे, हिशोबाचं काही विचारलं की म्हणतो, "साहेबांना फोन द्या." माझे पती पुण्याला नोकरीला आहेत. घर आमचं दोघांचं, पैसे माझ्या खात्यातून गेले, दर मी ठरवला. मोजमाप मला कळतं, दिवसभर इंचपट्टी हातात असते माझ्या.

दुसऱ्या तिघा-चौघांना विचारलं. काही जण म्हणतात, दुसऱ्याच्या अर्ध्या कामात हात घालत नाही. एक जण पहिल्यापासूनचे सगळे पैसे मागतो. पहिल्याला उरलेले २५,५०० देऊन काम ओढून घ्यावं, की त्याला सोडून द्यावं? आणि वळवाचा पाऊस आला तर उघड्या स्लॅबचं काय करू?

पांढरी_गच्ची

ताई, कोब्याच्या भानगडीत आता पडू नका. स्लॅब झाडून घ्या, पांढरा वॉटरप्रूफ कोट आणा, ब्रशनं दोन हात मारा. दोन दिवसांत काम होतं, गवंडी लागत नाही, खोलीतला उकाडाही कमी होतो. आमच्या आसरा भागातल्या फ्लॅटवर तेच केलंय.

लेव्हल_ट्यूब

ताई, बाकी सगळं नंतर. आधी तो राडारोड्याचा ढीग हलवा.

जुना कोबा चार-साडेचार इंचाचा असतो. त्याचं वजन चौरस फुटाला वीस किलोच्या आसपास भरतं, म्हणजे तुमच्या पूर्ण गच्चीचं सतरा-अठरा टन. निम्मा नेला म्हणता, तरी आठ-नऊ टन वर आहे. आधी हे वजन सगळ्या स्लॅबवर सारखं पसरलेलं होतं, आता एका जागी आलंय, आणि खाली माणसं बसून काम करतात. ढीग खोलीच्या मध्यावर असेल तर उद्याच बिगारी लावून खाली उतरवा. उतरवेपर्यंत त्याच्याखाली कुणी बसू नका. हे पैसे त्याच्या हिशोबातून वजा करायचे, आधी फोटो काढून ठेवा.

मी साइटवर इंजिनिअर म्हणून बरीच वर्षं काढली, म्हणून सांगतो, स्लॅब उघडा आहे तोवर तो नीट बघून घ्या. पुन्हा अशी संधी मिळत नाही. सकाळी उन्हाच्या आधी वर जाऊन लहान हातोडीनं ठोकत फिरा. ठण आवाज आला तर ठीक, पोकळ आवाज आला तिथं खडूनं गोल करा. खालून ज्या कोपऱ्यात डाग आहेत तिथलं छताचं प्लॅस्टर फुगलंय का बघा. सळई गंजली की फुगते आणि भोवतीचं काँक्रीट फोडते. तसं असेल तर नुसता कोबा घालून उपयोग नाही. सुटलेलं काँक्रीट काढून, सळई तारेच्या ब्रशनं घासून, गंजरोधक लावून पॉलिमर मॉर्टरनं भरावं लागेल.

वरच्या प्रतिसादातला कोट वाईट नाही, पण तो इथं आत्ता चालणार नाही. उखडलेला स्लॅब खडबडीत असतो आणि त्याला उतार नसतो, तो उतार कोब्यानंच मिळायचा होता. पाणी साचेल तिथं कोट वर्षा-दोन वर्षांत सोलून निघेल. आसरा भागातल्या त्या गच्चीला खाली उतार तयार असणार.

नवीन माणसाला काय सांगायचं ते लिहून घ्या. शंभर फुटांना एक फूट उतार, म्हणजे तीस फुटांच्या गच्चीत साडेतीन इंच. पाइपच्या तोंडाशी जाडी सगळ्यात कमी. स्लॅब धुऊन सिमेंटचा घोळ, त्यावर वॉटरप्रूफिंग पावडर घातलेला १:४ माल (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू), त्यात भिजवलेल्या विटा. कोरडी वीट मालातलं पाणी पिते आणि कोबा भुकटी होतो. कठड्याच्या कडेला प्लॅस्टर खाचून वाटा आत घुसवायला लावा. नुसता चिकटवलेला वाटा पहिल्या उन्हाळ्यात सुटतो आणि गळती बहुतेक वेळा तिथूनच होते. जिन्याखालचं सिमेंट मुठीत धरून बघा. गुठळी हातानं फुटत नसेल तर ते पोतं कोब्याला वापरू नका.

पावसाचं म्हणाल तर धीर धरा. सोलापुरात जास्त पाऊस ऑगस्ट-सप्टेंबरात पडतो, जुलैत मध्येमध्ये उघडीप मिळते. घाईनं चुकीच्या माणसाला काम देऊ नका. धोका वळवाचा आहे. तोवर स्लॅबवरच्या चिरा सिमेंट-पॉलिमरनं भरून घ्या, पाइपची तोंडं मोकळी ठेवा, आणि मशिनांच्या खोलीवर जाड ताडपत्री कठड्यावरून बाहेर सोडून बांधा.

गुत्तेदार_अक्कलकोट

अक्का, मी स्वतः गुत्तेदार आहे, तुमच्याच पट्ट्यात कामं करतो. तुमच्या माणसाची बाजू घेत नाही. तो का येईना एवढं सांगतो, म्हणजे पुढच्याशी कसं बोलायचं ते कळेल.

आमच्यात पैसा एका साइटचा दुसऱ्या साइटला फिरतो. बाजाराच्या दिवशी पगार द्यायचाच असतोय, तो चुकला की गवंडी पुढच्या आठवड्याला दुसऱ्याकडं. आधीच्या मालकानं शेवटचं बिल अडवलेलं असतंय. मग नवीन कामाची उचल आली की त्यातनं जुना पगार निघतो. तुमच्या साठ हजारांतले किती तुमच्या गच्चीवर चढले, देव जाणे. आता तुमचं काम पुढं न्यायला त्याला तिसऱ्या कुणाची उचल पाहिजे. तवर "उद्या येतो".

अन् पाडापाडी पहिल्यांदा का करून टाकतात, ते बी सांगतो. ती स्वस्तात होती, लवकर होती, अन् एकदा पाडलं की मालक दुसऱ्याकडं जात नाही. हे चालतं आमच्यात. वाईट आहे, मी मान्य करतो.

माणसांचं म्हणाल तर मेमध्ये तिकडं कर्नाटकाच्या बाजूला लग्नं, जूनला कारहुणवी (ज्येष्ठ पौर्णिमेचा बैलांचा सण), मग पेरणी, मग आषाढीला पंढरपूर. बिगारी गावाकडं जातोच. पण हे मार्चलाच माहीत असतंय की. तारीख देतानाच बोलायला पाहिजे.

त्याला आता एक रुपया देऊ नका. माल तुम्ही स्वतः घ्या, बिल तुमच्या नावानं. गवंडी फक्त मजुरीनं ठरवा, ब्रासवर. उचल द्यायचीच तर एका आठवड्याच्या पगाराएवढी. पुढचे पैसे जेवढी ब्रास झाली तेवढ्याचे, अन् मोजमाप तुम्हीच टेप धरून करा. शेवटचे पंधरावीस टक्के गच्चीवर पाणी साठवून बघितल्यावर. चांगला माणूस याला नाही म्हणत नाही, कारण त्याला बी दर आठवड्याला हातात पैसा मिळतो. तुम्ही बी तो दिवस चुकवू नका.

कोब्याचा गवंडी वेगळा असतोय. प्लॅस्टरवाला करतो म्हणेल, पण उताराला त्याचा हात बसलेला नसतो. केलेली गच्ची दाखव म्हणा, अन् निदान दोन पावसाळे झालेली दाखव म्हणा. तिथल्या घरमालकिणीला विचारा, मालकाला नको. गळतं कुठं ते घरात राहणाऱ्या बाईला माहीत असतंय.

"साहेबांना फोन द्या" म्हणणाऱ्याला तिथंच सांगायचं, दर मी ठरवला, हिशोब माझ्याशी कर. आमच्यातली काही माणसं हे मुद्दाम करतात, कारण लांब असलेल्या माणसाला गच्ची दिसत नाही.

शिलाईवाली_नीलमनगर

लेव्हल_ट्यूब सर, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. ढीग बरोबर मशिनांच्या खोलीवरच होता. सकाळी अड्ड्यावरून बिगारी आणले आणि सगळा राडारोडा खाली उतरवून घेतला. आधी व्हिडिओ काढला, मजुरीची पावती लिहून त्यांच्या सह्या घेतल्या. हातोडीनं ठोकून पाहिलं. मोरीच्या बाजूला हात-दीड हात जागा पोकळ वाजते आणि खाली नेमकं तिथंच प्लॅस्टर फुगलंय. याबद्दल त्या माणसानं मला अवाक्षर सांगितलं नव्हतं. याचा मला खरंच राग आला आहे. कोबा उखडताना त्याच्या माणसांनी हे पाहिलं असणारच.

अक्कलकोटचे दादा, तुम्ही स्वतःच्या धंद्यातलं एवढं उघड बोललात त्याबद्दल आभार. आता प्रश्न असा की त्याच्याकडे अडकलेले पैसे सोडून द्यायचे का? उखडण्याची मजुरी आणि पडलेला माल धरला तरी साठातले निम्मेसुद्धा होत नाहीत.

वकील_सातरस्ता

सोडू नका. मालासकट काम ठरलं आणि पैसे दिले, म्हणजे तुम्ही ग्राहक आणि तो सेवा देणारा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(४२) मध्ये घरबांधणी सेवेत धरलेली आहे. सर्वोच्च न्यायालयानं लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या १९९३च्या निकालातही हेच सांगितलं होतं. तक्रार सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. तुम्ही जिथे राहता तिथे दाखल करायची सोय याच कायद्यानं दिली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे, त्यामुळे आधी गच्ची करून घेतली तरी चालेल.

मात्र नवा माणूस हात लावण्याआधी पुरावा पक्का करा, नंतर जुनी स्थिती दाखवता येणार नाही. एखाद्या सिव्हिल इंजिनिअरकडून जागेवर येऊन झालेल्या कामाचं मोजमाप आणि किंमत लिहून घ्या, सही-शिक्क्यासह. शेजारचे दोघे साक्षीला ठेवा. त्याचे "उद्या येतो" हे मेसेज पुसू नका. मग स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा: अमुक तारखेपर्यंत काम सुरू केलं नाही तर दुसऱ्याकडून करून घेईन आणि जादा खर्च तुमच्याकडून वसूल करीन. तीच नोटीस व्हॉट्सॲपवरही टाका. अनेकदा नोटीस गेल्यावरच माणूस हिशोबाला बसतो. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते. हे तुमचं राहतं घर आहे असं तक्रारीत स्पष्ट लिहा, नाहीतर शिलाईकाम दाखवून समोरचा व्यावसायिक वापराचा मुद्दा काढेल.

शिलाईवाली_नीलमनगर

नोटिशीचा मजकूर आज लिहिते. भवानी पेठेतल्या एका ओळखीच्या बाईंकडे कोब्याचा गवंडी मिळाला. त्यानं केलेली गच्ची वर चढून पाहिली, चार पावसाळे झालेत आणि वाटा कुठे सुटलेला नाही. त्यानं सरळ सांगितलं की कारहुणवीपर्यंत येत नाही, त्यानंतरच्या सोमवारी येतो. मला हे उत्तर फार बरं वाटलं. तोवर मी निर्धास्त गणवेश शिवते.

सर, एक राहिलं. नवीन कोब्यावर साठवायला पाणी किती लागेल? आमच्या नळाच्या पाण्यात हे भागेल का?

लेव्हल_ट्यूब

नळावर विसंबू नका. नऊ ब्रासावर एक इंच पाणी म्हणजे साधारण २,१०० लिटर. सरासरी दोन इंच साठवायला सव्वाचार हजार लागतात, म्हणजे पाच हजार लिटरचा एक टँकर. कोबा झाल्यावर दुसऱ्या दिवशी मालाची आळी (छोटे बांध घालून केलेले चौकोन) करून पाणी भरा आणि निदान सात दिवस, जमलं तर दहा, वाळू देऊ नका. आपल्याकडच्या उन्हात रोज भर घालावी लागेल, त्यासाठी नळाचं पाणी पुरेल. विटा भिजवायलाही आदल्या दिवशी पाणी लागतं, ते विसरू नका. गळतीची चाचणी त्याच पाण्यात होते, वेगळं पाणी नको. शेवटचे दोन दिवस पाइपची तोंडं घट्ट बंद ठेवून खाली मोरीच्या बाजूचा कोपरा हातानं चाचपत राहा.

मशिनं ठोकाठोकी संपली की लगेच लावा. पांढरं कापड मात्र त्या कोपऱ्यात चाचणी होईपर्यंत ठेवू नका. आणि सळईचं काम खालून आधी करून घ्या, मगच वर कोबा.