सिस्टरांच्या मानपत्रात काय लिहावं

आफ्रिकेत लसीकरणाचं काम करून परळला परतलेल्या सिस्टरांचा १२ मेला, परिचारिका दिनी, सत्कार करावा ही सूचना एकदम मान्य. फक्त मानपत्रात 'सेवामूर्ती', 'त्यागमूर्ती' नको, हात जोडून विनंती. त्यांनी काय केलं ते लिहा.

पोलिओ मोहिमेत त्यांच्याबरोबर गोवंडीत फिरलोय. कुपी हातात घेतली की आधी लेबलावरची खूण बघायच्या. वर्तुळातला चौकोन फिकट असला तर लस चालते. वर्तुळाइतका गडद झाला की उष्णतेने वाया गेली, टाकून द्यायची. मग बाळाच्या तोंडात दोन थेंब, डाव्या करंगळीला शाई, दारावर खडूची खूण. पोर घरी नसलं तर 'एक्स', म्हणजे पुन्हा फेरी. "गावाला गेलं म्हणजे कुठे? येणार कधी?" हे विचारल्याशिवाय बाई उंबरठा सोडत नसत. जिने चढून दम आम्हालाच लागायचा.

हाच अनुभव घेऊन त्या नायजेरियात गेल्या. भारतात नैसर्गिक, म्हणजे लसीतून न आलेल्या, विषाणूचा शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११मधला, पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं मार्च २०१४मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेच्या आफ्रिका विभागाला त्यासाठी ऑगस्ट २०२० उजाडला. मधल्या वर्षांत तिकडेही अशीच दारं ठोठावली गेली, ते मानपत्रात यायलाच हवं.

हॉलच्या भाड्यात माझा हिस्सा धरा. आणि भाषणं आटोपशीर ठेवा बुवा, नाहीतर सत्कारमूर्तीच उठून चहाकडे जातील!