फायनल फँटसी १४ : समीक्षक डोक्यावर घेतात, खेळणारे शिव्या घालतात. मी महिन्याचे पैसे भरू का नको?

सेकंडशिफ्ट_शिरोली

राम राम मंडळी. शिरोलीत एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपला आहे, ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी नमुने बनवतो. ह्या महिन्यापासून सेकंड शिफ्ट, चार ते बारा. घरी येऊन जेवण गरम करून खाईस्तोवर एक वाजतो. झोप लगेच येत नाही, सँडरचा आवाज डोक्यात चालूच असतो. रात्री एकला कुणाला फोन लावणार? भाचा म्हणाला, मामा, फायनल फँटसी १४ हा ऑनलाइन गेम खेळा, तिथं रात्री-बेरात्री माणसं असतात.

आता मी लाकूड विकत घेतानासुद्धा चार वखारी फिरणारा माणूस. आधी वाचत बसलो. समीक्षकांचे आकडे बघावेत तर शंभरात नव्वदच्या वर. आणि स्टीमवर (गेम विकणाऱ्या साइटवर) त्याच्या 'डॉनट्रेल' ह्या नव्या एक्सपान्शनबद्दल, म्हणजे गेमला जोडलेल्या मोठ्या भागाबद्दल, खेळणाऱ्यांची मतं 'संमिश्र'. एकानं लिहिलंय, घेऊ नका, पैसे पाण्यात. खाली त्याचे तास बघितले, ३००० च्या वर! आठ तासांनी भागलं तर ३७५ शिफ्टा होतात. तेवढ्या शिफ्टा जेवून कोण म्हणतं का, की खानावळ बेकार आहे म्हणून?

महिन्याला १३ डॉलर म्हणजे आमच्यात विचार करायची रक्कम आहे. तर कुणाचं खरं मानू? आणि कोल्हापुरातनं नेट जमतं का? पहिल्यांदाच असला गेम खेळतोय, जरा सांभाळून घ्या.

पांढरा_रस्सा_वाढा

आधी पीसी काय आहे ते सांग भावा. डॉनट्रेलपास्नं ग्राफिक्स सुधारलंय, जुनं कार्ड दमतं. पीसीला गेम झेपतो का ते तपासणारं कंपनीचं बेंचमार्क फुकट मिळतं, ते चालवून बघ, मग बाकीची चर्चा.

गूळ_आणि_हीलर

दादा, त्या तीन हजारवाल्याला हसू नका. माझे त्याच्याहून जास्त झालेत आणि डॉनट्रेलला मीही अंगठा खालीच दिलाय. तरी काल रात्री लॉगिन केलंच.

मी मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर हिशेब लिहिते. सौद्यात गुळाच्या रव्याचा, म्हणजे ढेपेचा, भाव रंग आणि कणी बघून दोन मिनिटांत ठरतो, आणि तो भाव खोटा नसतो. पण तोच रवा पावसाळ्यात पाझरतो का, हे ज्याच्या माडीवर ठेवलाय त्यालाच कळतं. समीक्षक एक्सपान्शन आल्या आल्या गोष्ट संपवतो, लढाया बघतो, संगीत ऐकतो आणि गुण देतो. आम्ही तिथंच राहतो. पुढचा मोठा पॅच, म्हणजे नवी भर, चारेक महिन्यांनी, पुढचं एक्सपान्शन दोन-अडीच वर्षांनी. मधल्या काळात तेच डंजन (गटानं लढायच्या गुहा), त्याच क्रमानं तीच बटणं. सगळे जॉब, म्हणजे ढालवाला, जखमा भरणारा हीलर असे पात्रांचे प्रकार, एकमेकांसारखे होत चाललेत, ही ओरड तिथनं येते. तासाभराच्या पाहुण्याला ती ऐकू येणार नाही.

डॉनट्रेलचं म्हणाल तर लढाया आजवरच्या चांगल्यांपैकी आहेत, हे शिव्या घालणारेही मान्य करतात. भांडण गोष्टीवरनं आहे. वूक लामात नावाची नवी राजकन्या सारखी पुढे आणि इतकी वर्षं ज्याच्या जिवावर जग वाचलं तो आपला नायक बाजूला उभा राहून मान हलवतोय. पहिला अर्धा भाग रेंगाळतो. मला ती पोरगी आवडली, पण नायक आमच्या दिवाणजींसारखा नुसता उभा का, ते कळलं नाही. आणि हेही सांगते, त्या वाईट मतांत एक ढीग असा आहे की ज्यांना गेमशी देणंघेणं नाही, तिचा इंग्रजी आवाज देणाऱ्या कलाकारावर गरळ ओकायची होती. ते बाजूला काढून वाचा.

२०१० ला मात्र समीक्षक आणि खेळणारे एकाच सुरात ओरडत होते. मी तेव्हा नव्हते, नंतर वेड्यासारखं वाचून काढलं. ३० सप्टेंबरला ह्याच गेमची पहिली आवृत्ती आली आणि समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर ४९ गुण. मेनू उघडायला वेळ, तोच डोंगर उचलून दहा ठिकाणी ठेवलेला, आणि जास्त खेळलात तर अनुभवाचे गुण कमी मिळायचे! तुम्ही पॅटर्नवाले म्हणून एक खास सांगते. नंतर आलेल्या योशिदा नावाच्या डायरेक्टरनंच सांगितलंय की त्या गेममधल्या एका फुलाच्या कुंडीला खेळाडूच्या अख्ख्या पात्राएवढे पॉलिगॉन (आकार ज्यांनी बनतो ते बारीक तुकडे) होते. म्हणजे समजा, ज्या बाजूनं मशिनिंग होऊन धातू निघूनच जाणार, त्या बाजूला तुम्ही आठवडाभर पॉलिश मारत बसलात.

डिसेंबर २०१० ला योशिदा आला. वर्षभर कंपनीनं महिन्याचे पैसेच घेतले नाहीत. जुना गेम चालवत चालवत त्यानं आतनं नवा बांधला, आणि ११ नोव्हेंबर २०१२ ला जुन्याच्या आकाशातला चंद्र जगावर पाडून सर्व्हर बंद केले. खेळणारे मैदानात उभे राहून बघत होते. २७ ऑगस्ट २०१३ ला 'अ रेल्म रीबॉर्न' आलं, ते त्या पडझडीनंतरचं जग. गोष्टीतच अपयश मुरवलं, हे मला फार आवडतं.

आता तुमच्या कामाचं. १३ डॉलर लगेच भरूच नका. ट्रायल फुकट आहे, दिवसांची मर्यादा नाही. मी २०२० मध्ये सुरू केलं तेव्हा लेव्हल ६० पर्यंत होती, ऑक्टोबर २०२३ पासून ७० पर्यंत आहे, दोन एक्सपान्शन धरून. बाजारात खरेदी-विक्री नाही, सोनं तीन लाखांच्या वर साठत नाही, एवढं सोसा. दोन गोष्टी गाठ मारून ठेवा. एकदा विकत घेतलं की त्या अकाउंटवर ट्रायल परत येत नाही. आणि स्टीमवरनं घेतलंत तर पुढचं सगळं स्टीमवरनंच घ्यावं लागतं.

नेट : भारतात सर्व्हर नाही. सगळे सांगतील जपान घ्या. तुम्ही घेऊ नका! तुम्ही रात्री एकला बसणार, तेव्हा जपानात पहाटेचे साडेचार, चिटपाखरू नसतं. युरोपात तेव्हा संध्याकाळचे साडेआठ-साडेनऊ, ऐन गर्दी. माझा युरोपचा पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ, १६० मिलिसेकंदांच्या आसपास असतो. एका बटणानंतर मुख्य हत्यार पुन्हा चालायला अडीच सेकंद लागतात, त्यामुळं भागतं. फक्त शत्रूचा मार पडणार तिथला केशरी ठसा जमिनीवर दिसला की तिथनं लवकर निघा. तो नाहीसा व्हायच्या क्षणी तुम्ही आत असलात तर नंतर पळून उपयोग नाही, मार बसतोच.

बाकी डिसेंबर २०२१ ला 'एंडवॉकर' हे आधीचं एक्सपान्शन आलं तेव्हा रांग एवढी की मी लॉगिन लावून भाकऱ्या थापायला बसायचे. सगळ्या भाकऱ्या होऊन आमटीला फोडणी दिली तरी नंबर लागलेला नसायचा. कंपनीनं तेव्हा नवी विक्रीच थांबवली होती. गिऱ्हाईक जास्त झालं म्हणून दुकानाला कुलूप, आमच्या यार्डात असं कधी बघितलं नाही.

उरलेला_मावळा

ताई, गुळाचं उदाहरण गोड आहे, पण दादाला अर्धंच सांगितलंत.

ते नव्वदचे आकडे 'शॅडोब्रिंगर्स' आणि 'एंडवॉकर' ह्या डॉनट्रेलच्या आधीच्या दोन एक्सपान्शनचे आहेत. तिथं पोचायला शिफ्ट करणाऱ्या माणसाला वर्ष जाईल, कारण गोष्ट पहिल्यापासनं क्रमानंच खेळायला लागते. दादाच्या वाट्याला येणार २०१३ चा भाग. ह्या गावातनं निरोप घे, त्या गावात दे, परत ये. २०२० ला त्यातलं बरंच कापलं, तरी पोस्टमनकी आहेच. मी ४० लेव्हलला कंटाळून सोडलं.

मी आता गिल्ड वॉर्स २ वर आहे. महिन्याचे पैसे नाहीत, मूळ गेम फुकट. सगळ्यात वरची लेव्हल २०१२ पासनं ८० लाच आहे, त्यामुळं चार महिने गायब झालात तरी तुमचं चिलखत जुनं होत नाही. लगीनसराई, म्हाई, पोरांच्या परीक्षा, सगळं सांभाळून होतं.

गूळ_आणि_हीलर

हे मात्र खरं बोललात, आकडे दुसऱ्याच मुक्कामाचे आहेत. माझ्या ध्यानात आलं नाही, कारण मी कधीच तिथं पोचलेय.

पण गिल्ड वॉर्समध्ये मार चुकवायचं सगळं तुमच्या बोटांच्या वेळेवर. १२ तास उभा राहून आलेल्या माणसाला रात्री एकला ते झेपंल का?

सेकंडशिफ्ट_शिरोली

८ तास ताई, आठच.

अकरा दिवसांनी लिहितोय. ट्रायल टाकली, सर्व्हर युरोपचा घेतला. पोस्टमनकी आहे, खोटं कशाला बोलू. पण दिवसभर मापं घेऊन आल्यावर कुणीतरी 'हे तिकडं नेऊन दे' म्हणतं ते बरं वाटतं, डोकं लावावं लागत नाही.

ढालवाला झालोय. परवा पहिलं डंजन, सस्ताशा, चाच्यांची गुहा. गेममधली खोटी माणसं सोबतीला घेता येतात म्हणे, पण मी खरीच घेतली, नाद करायचा नाही! आत गेलो आणि सगळे राक्षस त्या बिचाऱ्या हीलरच्याच मागं. दोनदा मेला. मग त्यानं लिहिलं, 'टँक स्टान्स प्लीज', म्हणजे राक्षसांना ढालवाल्याकडं ओढणारं बटण लाव. मी इकडं तिकडं बघतोय, हा कुणाला सांगतोय? मलाच. ते बटण दहाव्या लेव्हललाच मिळालेलं, मी पडद्यावरच्या बटणांच्या बारवर ओढलंच नव्हतं.

लावलं. पुढं एकदाही कुणी मेलं नाही. शेवटी त्यानं मला शाबासकीचं मतसुद्धा दिलं, कुठला होता कोण जाणे.

बायको पाणी प्यायला उठली होती. म्हणाली, "ह्यो शिंगंवाला कोण?" म्हटलं, मीच की.