मदत हवी आहे: पावसाळ्यात डीबीएस कार्ड (तपासणीसाठी रक्ताचे थेंब घेऊन वाळवायचं कागदी कार्ड) वाळवायचं कसं?

गगनबावड्याकडच्या पट्ट्यात काम आहे. एचआयव्हीबाधित आईच्या बाळाची तपासणी सहाव्या आठवड्यात टाचेतून डीबीएस घेऊन करतो. जूनपासून हवा इतकी दमट की नेहमीचे चार तास पुरत नाहीत. कार्डावरचा डाग वरून तपकिरी दिसतो, पण मागच्या बाजूला मध्यभागी अजून लालसर ओल असते. तसंच पाकीटबंद केलं की बुरशीची भीती, आणि नमुना नाकारला तर बाळाला पुन्हा टोचायचं. ते अजिबात नको आहे.

टोचण्याची पद्धत तपासून झाली: स्पिरिट पूर्ण सुकल्यावर टोचणं, पहिला थेंब पुसणं, एका वर्तुळात एकच मोठा थेंब, टाच पिळायची नाही. कार्ड रॅकवर आडवं, सुटं ठेवतो. रात्रभर वाळवूनही पाहिलं. पाकिटातलं आर्द्रता दाखवणारं कार्ड तरीही दुसऱ्या दिवशी निळ्याचं गुलाबी होतं. सिलिका जेल (ओल शोषणारे खडे) बदललं तरी तेच.

ऊन, हेअर ड्रायर, हीटर चालणार नाही, उष्णतेने नमुना बिघडतो. वीज सारखी जाते. कुरिअर आठवड्यातून एकदाच.

राधानगरी, शाहूवाडीकडच्यांनो, झाकणबंद डब्यात सिलिका जेल ठेवून कार्ड वाळवता का? किती ग्रॅम, किती तास?