जमिनीवरून उठता येत नाही, एसजीपीटी वाढलंय: दोष लिव्हरचा की स्नायूंचा?

प्रश्न
५२ वर्षांच्या बाई. तीन महिन्यांपासून जमिनीवरून उठताना हात टेकावे लागतात, वेणी घालताना हात गळून येतात. मधुमेह आहे, अटॉरव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गटातली गोळी) ४० मिग्रॅ चालू. लिव्हरची म्हणून तपासली जाणारी रक्तातली एन्झाइम्स वाढलीत: एसजीओटी ११०, एसजीपीटी ९६. बिलिरुबिन, सोनोग्राफी नॉर्मल. लिव्हरच्या गोळ्या आधीच सुरू आहेत. थेट ईएमजी (स्नायूत सुई घालून विद्युत तपासणी) करावी का?

प्रतिसाद १
ईएमजी नंतर. आधी खरंच ताकद कमी आहे का ते बघा. दुखण्यामुळे असेल तर स्नायू क्षणभर पूर्ण जोर देतो आणि एकदम सुटतो. हाताची घडी घालून खुर्चीतून उठवा. उताणं झोपवून उशीवरून डोकं उचलायला सांगा. मायोसायटिसमध्ये (स्नायूंना सूज) मानेचे पुढचे स्नायू बऱ्याचदा कमजोर असतात आणि तपासायचे नेमके तेच राहतात. एक मिनिट वर बघायला लावा, पापण्या उतरल्या तर मायस्थेनियाचा (वापरताना स्नायू लवकर थकण्याचा आजार) विचार करा. अँकल जर्कनंतर (घोट्यामागे हातोडी मारल्यावरचा झटका) पाऊल सावकाश परतत असेल तर थायरॉइड. मधुमेहाच्या अमायोट्रॉफीत (नसा बिघडून मांडीचे स्नायू झिजतात) मांडी दुखते, वजन घटतं, नी जर्क (गुडघ्याचा झटका) जातो. हात सहसा वाचतात.

प्रतिसाद २
एसजीओटी-एसजीपीटी स्नायूंतूनही येतात. जीजीटी (लिव्हरचं एन्झाइम) नॉर्मल आणि सीके (स्नायूंचं एन्झाइम) वाढलेला असेल तर लिव्हरच्या मागे लागू नका. सोबत टीएसएच (थायरॉइडची तपासणी), पोटॅशियम, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन. सीके नॉर्मल आला म्हणून स्नायूंत दोष नाही असं नाही: ऑस्टिओमलेशिया (हाडं मऊ होणं) आणि स्टेरॉइडच्या मायोपथीत (स्नायूंचा आजार) तो सहसा नॉर्मलच असतो. गावठी ‘सांधेदुखीच्या पुड्यां’बद्दल आवर्जून विचारा, त्यांत स्टेरॉइड सापडतं.

प्रश्नकर्ता
सीके २,४००, जीजीटी नॉर्मल. पण परवाच कमरेत इंजेक्शन झालंय. त्यामुळे असेल?

प्रतिसाद २
इंजेक्शनने थोडा वाढतो, इतका नाही. स्टॅटिन आजच बंद करा, लघवीचा रंग विचारा (स्नायू फार तुटले तर ती गडद होते). टीएसएच आल्याशिवाय स्टॅटिनवर शिक्का मारू नका. हायपोथायरॉइडमध्ये (थायरॉइड कमी असताना) सीके वाढतोच, वर स्टॅटिनचा त्रासही बळावतो.

प्रतिसाद १
गोळी बंद करूनही ताकद घटत राहिली तर अँटी-एचएमजीसीआर अँटिबॉडी पाठवा. ती सापडली तर शरीराची प्रतिकारशक्तीच स्नायूंवर हल्ला करत असते आणि तो आजार नुसती गोळी थांबवून जात नाही. पापण्यांवर, बोटांच्या सांध्यांवर चट्टे दिसले तर डर्मॅटोमायोसायटिस (त्वचा आणि स्नायूंना सूज), मग कॅन्सरचाही शोध घ्या. ईएमजी एका बाजूची, बायोप्सी (स्नायूचा तुकडा काढून तपासणं) दुसऱ्या बाजूची. सुई टोचलेल्या स्नायूत सूज दिसून रिपोर्ट फसवा येतो. गिळताना ठसका लागत असेल किंवा उताणं झोपल्यावर दम लागत असेल तर रिपोर्टची वाट न बघता ॲडमिट करा.