अनोळखी एजन्सीचं काम घ्यावं का?

प्रश्न: २०,००० शब्दांचं भाषांतराचं काम आलंय. मेल जीमेलवरून, सांगितलेला दर लगेच मान्य. होकार देऊ?

उत्तर १: भाषांतरकारांच्या प्रोझ (ProZ) साइटवर ब्लू बोर्ड आहे, तिथे भाषांतरकार एजन्सींना गुण देतात. त्यावर नाव शोधा. नुसती सरासरी नको, अलीकडच्या नोंदी वाचा. पैसे थकायला लागले की तिथे आधी कळतं. मग एजन्सीच्या वेबसाइटवरचा नंबर फिरवा, मेलमधला नाही. चांगल्या एजन्सीचं नाव चोरून लिहिणारे पुष्कळ.

उत्तर २: घासाघीस नाही? इथेच पाल चुकचुकायला हवी. भामटे जादा रकमेचा चेक पाठवून 'उरलेले परत करा' म्हणतात. चेक काही दिवसांनी परत येतो, तुमचे पैसे मात्र गेलेले असतात.

उत्तर ३: एजन्सी खरी निघाली तरी लेखी पीओशिवाय (परचेस ऑर्डर, म्हणजे कामाची ऑर्डर) सुरुवात नको. त्यात शब्दसंख्या, दर, मुदत आणि पैसे किती दिवसांत, हे हवंच. आधी २,००० शब्द द्या, रक्कम जमा झाली की पुढचे.