सर्पदंश : पहिला डोस आरोग्य केंद्रात की थेट मिरजेला?

शिराळा पश्चिम, आरोग्य केंद्रातला डॉक्टर
परवा पहाटे भातलावणीच्या मजुराचं पोर आणलं, बारा-तेरा वर्षांचं. तक्रार काय, तर पोटात दुखतंय. जमिनीवर झोपलेलं, अंगावर दाताची खूण नाही. पापण्या उचलेनात तेव्हा मण्यार डोक्यात आली. एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, दहा व्हायल लावल्या, मग १०८ बोलावली. नंतर वरनं बोलणी, "कशाला धाडस? सरळ पाठवायचं!" चांदोलीकडून मिरज म्हणजे दोन तास. केंद्र सरकारच्या मार्च २०२४ च्या सर्पदंश कृती आराखड्यात २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचेत. दोन तास रस्त्यात घालवून कसे होणार?

मिरजेतला फिजिशियन
पोर वाचलं, बरं झालं. पण नाण्याची आमची बाजू बघा. धामण चावलेल्याला दहा व्हायल देऊन, वर रिॲक्शनसकट पाठवलेले पेशंट मी निस्तरलेत. विषारी सापाचाही दंश कधी कधी कोरडा असतो, विष आत जातच नाही. लक्षणं नाहीत तर एएसव्ही नको. आणि कृपा करून रक्त गोठतं का बघायची २० मिनिटांची चाचणी प्लास्टिकच्या नळीत करू नका. काचेची, कोरडी, साबण न लागलेली नळी घ्या, आणि मधेच हलवून बघू नका. घोणसाचं निदान त्यावर ठरतं राव.

शिराळा
काचेची नळी कबूल. पण दहातल्या दोघांना उगाच दिलं म्हणून उरलेल्यांना रस्त्यात मरू द्यायचं का?

मिरज
असं कुठं म्हटलंय मी?

विट्याची भूलतज्ज्ञ
दोघंही रिॲक्शनलाच धरून बसलात. त्वचेवरची टेस्ट डोस सोडा, त्यातून काही कळत नाही. श्रीलंकेतल्या २०११ च्या चाचणीत एएसव्हीआधी त्वचेखाली दिलेल्या ०.२५ मिग्रॅ ॲड्रिनलिननं गंभीर रिॲक्शन कमी झाल्या. हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडनं काही फरक पडला नाही, आणि आपण सवयीनं तेच टोचतो. खरा प्रश्न श्वासाचा. मण्यारीचं विष मज्जातंतूच्या टोकालाच इजा करतं. एकदा लुळेपणा आला की एएसव्ही तो लगेच उलटवत नाही. लुळेपणावरचं निओस्टिग्मिन इंजेक्शन नागाला चालतं, मण्यारीला त्याचा फारसा भरवसा नाही. मग सर, मिरजेपर्यंत अँबू बॅग, हातानं श्वास द्यायची पिशवी, कोण दाबत होतं?

शिराळा
मीच. ओपीडी बंद ठेवून.

विटा
आणि तेवढ्यात दुसरा दंश आला असता तर?

मिरज
हेच तर म्हणतोय मॅडम! एकट्या डॉक्टरच्या जिवावर धोरण नाही चालत.

शिराळा
आमच्या सिस्टरना पापण्या बघायला, मान उचलायला लावायला, डोस लावायला शिकवलंय. त्यांनी लावलं असतं. व्हायल मात्र आता चारच उरल्यात, मागणी पाठवून आठवडा झाला.